पटावरची मिशी

मित्रांनो, मी चित्रांचा एक जुना पट आहे आणि माझ्या तोंडावर काजळीची मिशी आहे. ती जन्मापासूनची नाही, मागाहून आली. ती कशी आली हे सांगताना स्वतःला गुंडाळून घ्यावंसं वाटतं. पण आता मला काचेमागे ताणून लावलं आहे, त्यामुळे तीही सोय उरलेली नाही.

माझा जन्म बंगालात मेदिनीपूरकडच्या चित्रकारांच्या एका वस्तीत झाला. आमच्याकडे सगळ्यांचं आडनाव चित्रकारच. त्यामुळे भांडणात कुणी कुणाचं कूळ काढत नाही, रंग काढतात. "तुझा हिरवा म्हणजे डबक्यातलं शेवाळ!" ही आमच्यातली मोठी शिवी. कागदाला कागद जोडून लांब पट्टी करायची. वालाच्या पानांचा हिरवा, गोकर्णाचा निळा, हळदीचा पिवळा, दिव्याच्या काजळीचा काळा, आणि प्रत्येकात बेलफळाचा डिंक. चित्र झालं की पाठीला जुनी साडी चिकटवायची, कारण नुसता कागद उलगडून उलगडून फाटतो. मग चित्रकार पट उलगडत त्याचं गाणं म्हणतो, बोटाने एकेक चौकट दाखवतो आणि शेवटच्या ओळीत नावगाव सांगतो. ज्याला गाणं नाही तो पट आमच्याकडे मुका समजतात.

माझा चित्रकार निरापद. माझ्या पाठीची साडी त्याच्या थोरल्या बहिणीची, टगरची. पुराच्या दिवशी तिने तीच नेसली होती, आणि मी त्या पुराचाच पट.

झालं होतं असं. नदीने बांध फोडला. दोघांची म्हातारी आई छपरावर जाऊन बसली. "मी मदत आणतो," म्हणून निरापद जो निघाला तो अंगणातल्या कदंबापर्यंतच पोचला. वर चढला आणि तिथूनच मदतीला हाका मारू लागला. टगर वस्तीच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहायची. तिने केळीचे सोट तोडले, बांबूत ओवले आणि त्या तराफ्यावरून आली. आधी आईला शाळेच्या गच्चीवर पोचवलं. मग भावासाठी परत फिरली, तर तो फांदी सोडेना.

"सोड, निरू!"

"दीदी, तराफा हलतोय गं."

"पाण्यावर आहे, हलणारच! सोड म्हणते ना, नाहीतर त्या फांदीशीच लग्न लावून देईन तुझं."

उतरला एकदाचा. शेजारच्या फुलजान काकीला मात्र आयुष्यभराचा विषय मिळाला. "कदंबावर कृष्ण बसतो एवढं ऐकून होते," ती म्हणायची. "बासरीऐवजी बोंब मारणारा आमच्याच नशिबी!"

पण निरापदचं मन तेव्हा स्वच्छ होतं. पाणी ओसरल्यावर त्याने आधी मला रंगवायला घेतलं, छप्पर मागाहून शाकारलं. मधल्या मोठ्या चौकटीत तराफा, त्यावर बांबू रोवून उभी असलेली टगर, मासोळीसारखे डोळे, मनगटात लाल बांगड्या. कोपऱ्यात कदंब आणि फांदीला मिठी मारलेला तो स्वतः, अगदी छोटा. गाणं टगरने रचलं. शेवटची ओळ होती, 'तराफा टगरचा, रंग निरापदाचा, घर आमचं नदीकाठी.' आम्ही गावोगाव फिरलो. बायका डोळे पुसत आणि कदंब आला की त्याच ओल्या डोळ्यांनी हसत. कोणी मुरमुरे देई, कोणी तांदूळ. ते माझे मान वर करून जगण्याचे दिवस होते.

मग वस्तीत वर्षाचा मेळा भरू लागला आणि शहरातले पाहुणे येऊ लागले. त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे: "हे चित्र तुम्हाला कुठून सुचलं?" आजवर आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं. गावातली माणसं विचारत, पुढे काय झालं. ही विचारत, मागे काय झालं होतं.

वस्तीत हळूहळू उत्तरं पिकू लागली. कुणाच्या स्वप्नात देवी आली, कुणाच्या स्वप्नात पीर. फुलजान काकीने तेवढं सरळ सांगितलं. तिच्या पटात माशांचं लग्न होतं. "आमच्या ह्यांना माशाचे काटे काढता येत नाहीत," ती म्हणाली. "जन्मभर यांच्या ताटातला मासा मी निवडला. म्हटलं, त्या माशांचं तरी एकदा चांगलं होऊ दे." पाहुणे तिच्या अंगणातून हलेनात.

निरापदनेही त्या वर्षी खरं तेच सांगितलं. दीदी, तराफा, आई, सगळं. ऐकून झाल्यावर एका पाहुण्याने कोपऱ्यात बोट ठेवून विचारलं, "आणि हे माकड कसलं?"

हसू पार नदीपर्यंत गेलं. निरापदही हसला, पण त्याचे कान जास्वंदीच्या फुलासारखे लाल झाले होते.

पुढच्या मेळ्याआधी त्याने काजळीची करवंटी जवळ ओढली. टगरच्या ओठावर मिशी काढली. पदराचा गमछा केला. कदंबावरचा स्वतः पानांनी झाकून टाकला. गाण्याची ओळही फिरवली: 'तराफा निरापदाचा.' पलीकडे टगर वालाची पानं वाटत बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"काळा फार जाड झालाय," एवढंच म्हणाली आणि वाटू लागली.

मित्रांनो, तेव्हापासून मला उलगडलं की लाज वाटते. पुढून मी निरापदचा पराक्रम, आणि पाठीला टगरची पुरात भिजलेली साडी. गावातली माणसं तर जुना पट पाहिलेली. ती मिशीवर नजर थांबवत आणि मग निरापदच्या खऱ्या मिशीकडे बघत.

अशात एका मेळ्याला कोलकात्याच्या एका संग्रहालयाचे सान्यालबाबू आले. त्यांना एकच पट हवा होता. पटाशेजारी कायमची पाटी लागणार होती आणि पाटीवर चित्रकाराचे स्वतःचे शब्द. सगळी वस्ती अंगणात जमली. निरापदने मला उलगडलं.

"पूर आला होता," तो म्हणाला. "आई छपरावर. मी केळीचे सोट तोडले. तेव्हापासून तो तराफा डोळ्यांपुढून हलत नाही."

सान्यालबाबू भारावले. तेवढ्यात त्यांच्याबरोबरच्या चष्मेवाल्या बाई वाकून म्हणाल्या, "पण या मिशीवाल्याच्या हातात बांगड्या कशा?"

बांगड्या! मिशी रंगवण्याच्या घाईत त्या झाकायच्याच राहिल्या होत्या.

"हो रे निरू," फुलजान काकी म्हणाली, "कोणत्या जत्रेत भरल्यास?"

निरापदचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. हे तोंड मी ओळखत होतो. कदंबावर ते असंच होतं.

"माझ्या आहेत त्या," उंबऱ्यावरून टगर म्हणाली. सगळे वळले. "पुरात फुटू नयेत म्हणून मीच त्याच्या हातात घातल्या होत्या."

"वा!" सान्यालबाबू म्हणाले. "बहिणीच्या बांगड्या घालून पुरात उतरलेला भाऊ! हे पाटीवर आलंच पाहिजे." पट ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती.

पाहुणे जेवायला गेले. निरापद मला घेऊन घरामागे बसला आणि ओल्या फडक्याने मिशी पुसू लागला. पण बेलाचा डिंक धरलेलं सोडत नाही. मिशी निघाली नाही, फक्त पसरली. गालावर धूर झाला.

"राहू दे," मागून टगर म्हणाली. "आणखी घासलंस तर मिशीबरोबर माझं तोंडही जाईल."

त्याने फडकं खाली ठेवलं. "दीदी, तू का बोललीस?"

"तू पुन्हा फांदी धरून बसला होतास. उतरवायची मला सवय आहे." तिने फडकं उचलून पिळलं. "पण निरू, सकाळी पट घराबाहेर जाताना तू गाणं म्हणशील. शेवटच्या ओळीला मी तराफा घेऊन येणार नाही. तुझं तू उतर."

पट कायमचा जायचा तर त्याचं गाणं म्हणूनच त्याला निरोप देतात, ही आमची रीत. सकाळी सान्यालबाबू हात जोडून उभे राहिले. निरापद गाऊ लागला. नदी आली, छप्पर आलं, तराफा आला. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला. उंबऱ्यावर टगरचा वरवंटा तेवढा चालू होता. तिने मान वर केली नाही.

मित्रांनो, तो म्हणाला. 'तराफा टगरचा.' खरी ओळ म्हणाला. पण इतकी हळू, की त्याच्या हातात होतो म्हणून मलाच कळली.

"काय पुटपुटलास? मोठ्याने!" फुलजान काकी ओरडली. पण सान्यालबाबूंच्या टाळ्या सुरू झाल्या होत्या. मला गुंडाळलं गेलं. गुंडाळताना मी ऐकलं ते एवढंच.

"म्हटलंस?"

"म्हटलं, दीदी."

"मला नाही ऐकू आलं."

गाडीचं दार लागलं.

आता मी या थंड खोलीत असतो. गालावरच्या काळ्या धुराला इथले लोक पुराच्या पाण्याचा डाग म्हणतात आणि हळहळतात. मग पाटी वाचतात आणि अशा भावाचं कौतुक करत पुढे जातात. माझी पुढची बाजू रोज कौतुक खाते. पाठ भिंतीला आहे आणि पाठीवर टगरची साडी.

तेव्हा मित्रांनो, जुने पट जपा. त्यांना ओला हात लावू नका, उन्हात टाकू नका. पण तेवढ्याने आमचं भागत नाही. पाटी वाचण्याआधी चित्रातली मनगटं नीट बघा. आणि कधी कुणाचं श्रेय परत करायची वेळ आली, तर ते त्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात करा. कागदाच्या कानात म्हटलेलं खरं कागदापाशीच राहतं. माझ्यापाशी ते अजून तसंच आहे, आणि मला तर गाता येत नाही.