सदऱ्यावरचा कणा

कापड धुतल्याशिवाय त्याला रंग लावायचा नाही, हा चंद्रप्रभाबाईंचा नियम. सुनेला, केतकीला, तो ऐकून ऐकून पाठ झाला होता.

बाईंचे यजमान श्यामकांतराव सकाळी हिंदूराव इस्पितळाच्या बाजूला रिजच्या टेकडीवर फिरायला जात आणि झाडीतून हाडं उचलून आणत. कधी कुत्र्याचा जबडा, कधी मोराची तंगडी. बाई ती समोर मांडून जुन्या कपड्यांवर रंगवत, वरून धावदोरा घालत. शेवटचे आणले ते माकडाचे मणके.

"मारुतीराया रागावतील हं," बाई म्हणाल्या होत्या.

"तू काढलंस तर पावतील."

त्यानंतर आठवड्यातच श्यामकांतराव गेले. त्या दिवशी अंगात होता तो सदरा बाईंनी उशीच्या अभ्र्यात जपून ठेवला. कॉलरला आवळ्याच्या तेलाचा वास, आणि पाठीवर मानेपासून खाली उतरलेला घामाचा पिवळट पट्टा. त्या पट्ट्यावरच कणा काढायचा, हे ठरलं होतं. पण कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय?

वर्ष झालं. वास विरत चालला, तेव्हा आज त्यांनी सदरा बाहेर काढला, टेबलावर पसरला, शेजारी मणके आणि रंग मांडले. सुया संपल्या होत्या म्हणून बाजारात गेल्या, त्या दोन तासांनी परतल्या.

टेबलावर नुसते मणके होते.

"आई, तुमचं अर्धं काम करून ठेवलं!" केतकी गॅलरीतून म्हणाली. "बाबांचा सदरा ना? रंग मांडलेले दिसले, म्हटलं चलो, धुऊन टाकू. दोनदा फिरवला मशीनमध्ये. डाग बिल्कुल गेले."

तारेवर सदरा दोन्ही हात खाली सोडून लोंबत होता.

"नीळ घातलीस?" बाईंनी विचारलं.

"हो, थोडी. चुकलं का?"

"नाही गं. मीच सांगते ना नेहमी."

वाळल्यावर त्यांनी कॉलर नाकाशी धरली. साबण. पाठ उजेडात धरून पाहिली, उलटी करून पाहिली. मग वरून एकेक मणका ठेवत गेल्या. ओळ डावीकडे गेली. पुन्हा लावली, तर उजवीकडे गेली. श्यामकांतरावांची पाठ नेमकी कुठून जात होती, ते कापडाला आता ठाऊक नव्हतं. आणि बाईंनाही नव्हतं.

तरी एक मणका रंगवला.

"बघा, किती छान धरला रंग!" केतकी मागून म्हणाली.

"धरणारच," बाई म्हणाल्या, आणि कुंचला पाण्यात सोडून दिला.