आधीचा फोटो

“कॅमेरा बाहेरच राहू दे रे सोन्या. आत पसारा आहे,” असं म्हणत ताई दारातच आडवी उभी राहिली.

पसारा कसला! मागच्या भिंतीला गटाराची ओल चढली होती, ती पार छतापर्यंत. ती दिसू नये म्हणून ताईने कपाट तिच्यासमोर सरकवलं होतं. सोन्याला हे ठाऊक होतं, कारण कपाटाचं दुसरं टोक त्यानेच ढकललं होतं. सोन्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. डोक्याला टक्कल पडलं, निवृत्ती जवळ आली, तरी ताईच्या तोंडी तो सोन्याच राहिला होता.

“ताई, मला तीच भिंत हवीय. ओल दिसली तर गल्लीला अनुदान मिळेल.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या घरातली ओल चार साहेबांनी कशाला बघायची? बाहेरचा काढ ना. तू येणार म्हणून सकाळीच पायरी धुतलीय.”

पायरी खरंच लख्ख होती. दोन्ही बाजूंना रिकाम्या डब्यांत लावलेली झाडं होती आणि त्यांची पानंसुद्धा तिने ओल्या फडक्याने पुसलेली दिसत होती. कोपऱ्यात कचऱ्याचा डबा झाकण लावून शहाण्यासारखा उभा होता. सोन्याला रडू येईल की काय असं वाटलं.

तो नगरपालिकेत फोटोग्राफर होता. नोकरीभर त्याने फिती कापणारे हात टिपले आणि साहेबांना पोट आत घ्यायला सांगितलं. वाईट गोष्ट चांगली दाखवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि तिथेच माशी शिंकली. गल्लीच्या सुधारणेसाठी सरकारी अनुदान मागताना पहिल्या खेपेला यानेच फोटो जोडले होते. कोवळं ऊन, दारातली झाडं, ओट्यावर बसून हसणाऱ्या म्हाताऱ्या. वरून उत्तर आलं: वस्ती सुस्थितीत दिसते, निधीची गरज पटत नाही. नवी गटारं, पाणी मुरवणारा रस्ता, सावलीची झाडं, सगळं बोंबललं. “तुमच्या कलेपायी गल्ली बुडाली हो,” प्रकल्पाच्या मॅडम भर बैठकीत म्हणाल्या होत्या. आता प्रस्ताव पुन्हा जायचा होता. आणखी एकदा नकार आला, तर ताईची भिंत तशीच कुजत राहणार होती.

“बरं, चहा तरी टाक,” तो म्हणाला.

ताई आत गेली. त्याने झाडांचे डबे उचलून भिंतीआड ठेवले. कचऱ्याचा डबा पायाने कलंडवला. साली, कागद, काल रात्रीचं खरकटं पायरीवर पसरलं. वरून बादलीतलं पाणी ओतलं आणि गुडघ्यावर बसून फोटो काढला. हात सराईत होते, त्यांना लाज नव्हती. झाडं त्याने परत जागेवर ठेवली. कचऱ्याकडे वळणार तोच दार वाजलं.

“अगं बाई!” कप हातात धरून ताई थिजली. “त्या शेजारणीच्या मांजरीचीच करामत ही! रोज माझं दूध पिते आणि आजच हे करायचं सुचलं तिला!”

“असू दे गं.”

“असू दे काय? ऑफिसच्या कामाला आलास. लोक काय म्हणतील, याची बहीण उकिरड्यात राहते?” कप त्याच्या हातात देऊन ती खाली बसली आणि हातानेच साली गोळा करू लागली. “खरंच सांगते, सकाळी झाडलं होतं रे मी.”

आई गेल्यावर याच हातांनी त्याचं नाक पुसलं होतं. आता ती त्याने केलेली घाण निपटत होती, आणि वर त्याचीच माफी मागत होती. सोन्याने तोंड उघडलं, पण त्यात चहाचा घोट घेतला. सांगितलं तर ती फोटो पुसायला लावेल, आणि हे सगळं तिच्याच भल्यासाठी चाललंय, असं त्याने मनाला समजावलं. ते खरंही होतं. त्याने लाज मात्र कमी झाली नाही.

अनुदान मिळालं. गल्ली खणली गेली, गटारं जमिनीखाली गेली, रोपं लागली. ताईची भिंत वाळली आणि कपाट आपल्या जुन्या जागी गेलं. मांजरीचं दूध मात्र त्या दिवसापासून बंद झालं होतं. ती दिसली की ताई चप्पल उगारायची. सोन्या समोर बसलेला असला की मुकाट्याने बोटांची नखं बघायचा.

उद्‌घाटनाच्या फलकासाठी दुसरा फोटो घ्या, म्हणून त्याने मॅडमना विनवून पाहिलं. “अहो, त्याच फोटोने तर पैसे आणले,” त्या हसून म्हणाल्या.

ताई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला “तो कॅमेरेवाला माझा भाऊ” असं सांगत होती. फलकावरचा पडदा सरकला. एकीकडे ‘आधी’, दुसरीकडे ‘आता’.

“अगं, ‘आधी’मध्ये तुझंच दार की!” शेजारीण मोठ्याने म्हणाली आणि आजूबाजूचे हसले.

ताई उठली, चष्मा लावून फलकाजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. सोन्या तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

“माझी झाडं कुठायत यात?” तिने हळूच विचारलं.

सोन्याने खांद्यावरचा कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला.

“मांजर डबे उचलून ठेवत नाही रे, सोन्या.”

“ताई, भिंतीसाठीच…”

“भिंत वाळली. नाही कुठे म्हणते मी?” तिचा आवाज चढला नाही. “मला खरं सांगितलं असतंस, तर कपाट सरकवलं असतं मी.”

तेवढ्यात मॅडमनी तिला फलकाशेजारी उभं केलं. “लाभार्थी म्हणून एक फोटो हवाच. काढा हो!” ताईने चष्मा काढला, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. “हसा” हा शब्द सोन्याने आयुष्यात हजारदा उच्चारला असेल. त्या दिवशी तो म्हटला नाही. त्याने तसाच फोटो काढला.

मंडप मोडल्यावर तो तिच्या दारापाशी गेला. ताई नव्या पायरीवर बसली होती. समोर बशीत दूध होतं. शेजारणीची मांजर नव्या रोपाआड दबून बशीकडे बघत होती.

“ये गं, ये. चुकलं माझं,” ताई तिला म्हणत होती.

सोन्या पायरीशी आला, तशी मांजर मागे सरली.

“तू जरा लांब उभा राहा,” ताई त्याच्याकडे न बघता म्हणाली. “तू आहेस म्हणून येत नाहीये ती.”

तो गल्लीच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहिला. मांजर तरीही आली नाही. मग तो कॅमेरा छातीशी धरून आणखी मागे गेला.