एका आखावर

वाटणीत गाडीचं एकेक चाक घेणारे भाऊ अख्ख्या केज तालुक्यात दोनच निघाले, थोरला आश्रुबा आणि धाकटा बंकट. पंच सांगून थकले, की बाबांनो, गाडी एकानं घ्या, बैल दुसऱ्यानं घ्या. पण ऐकतील तर ते भाऊ कसले! बैल एकेक झाला, चाक एकेक झालं. आख आणि त्यावरची बसायची साटी आश्रुबाकडं राहिली, जू बंकटकडं गेलं. अर्ध्या गाडीत बसून कोण कुठं जाणार होतं, हे त्या दोघांनाच ठाऊक. बंकट आपलं चाक घेऊन सासुरवाडीच्या गावी राहायला गेला.

यात भरडली गेली ती थोरली बहीण केसरबाई. तिला धारूरच्या डोंगराकडं दिलेली. बापाच्या त्याच गाडीतून ती नांदायला गेली होती आणि दरसाल पंचमीला त्याच गाडीतून माहेरी यायची. वाटणीनंतर आश्रुबा नवं चाक, नवं जू आणि दुसरा बैल जोडून तिला आणायला मुराळी म्हणून गेला, तर ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "ही कुनाची गाडी?"

"माझी, अक्का."

"मला बापाची पायजे. दोनी चाकं एका आखावर दिसली की येते."

दोघांनाही निरोप एकच होता, पण आधी जाईल कोण? थोरल्यानं का वाकावं, आणि धाकट्यानं तरी का? अशी वर्षं गेली. आश्रुबाची बायको वारली. पोरबाळ नव्हतंच. मग बंकटही गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पुढच्या दोन पंचम्याही आश्रुबा घरातच बसून राहिला.

तिसऱ्या वर्षी पंचमी तोंडावर आली, तसे आळीत झोके बांधले गेले. घरोघरी लेकी उतरल्या, हसण्या-खिदळण्यानं आळी भरली. आश्रुबा चुलीपुढं एकट्यापुरती भाकर थापत होता. भाकर तव्यावर करपली तरी त्याचं लक्ष नव्हतं. आता रक्ताचं माणूस म्हणून एक अक्काच उरली होती, आणि तीही थकलेली. एक तरी पंचमी तिनं या घरात करावी, नाहीतर आपण मेलो काय, जगलो काय, सारखंच, असं त्याला वाटलं. सकाळी त्यानं गाडी जुंपली आणि बंकटचं घर गाठलं.

भावजय भिवराबाई भासऱ्यासमोर पदर ओढून दाराआडूनच बोलली.

"चाक न्हाई आता. धारूरला वाहेदभाईच्या वखारीत दिलं."

"कावून दिलं?"

"धनी दर पंचमीच्या आदी त्याला तेल लावायचे. म्हनायचे, दादा मागायला येईल, तवा चाक वाळलेलं नसावं. त्यांच्या माघारी मीबी दोन पंचम्या लावलं. मंग म्हनलं, कुनासाठी लावायचं?"

आश्रुबाला पाणीसुद्धा गोड लागलं नाही. तसाच उठून तो धारूरला निघाला.

वाहेदच्या वखारीत मोडक्या गाड्यांचा ढीगच होता. आरे निखळलेली चाकं, चाकांवरच्या गंजलेल्या लोखंडी धावा, तुटके आख. आश्रुबानं धारूरला निघतानाच आपल्या चाकाएवढी काठी तोडून घेतली होती. जोडीचं चाक तेवढंच असणार, हा त्याचा हिशोब. काठी लावून लावून दमला. जे उंचीला जुळे त्याला खूण नसे. खूण अशी, की चाकं करताना सटवा सुताराची बाभूळ कमी पडली होती, म्हणून दोन्ही चाकांत त्यानं एकेक आरा सागाचा बसवला होता आणि मधल्या तुंब्यावर तीन पितळी खिळे ठोकले होते.

"ते भिंतीकडचं बघितलं का?" वाहेद म्हणाला.

"ते लई उंच हाय. माझ्या जोडीचं न्हाई."

"काठी फेका, बाबा. चाक चालतं तसं झिजतं. धाव ढिली झाली की लोहार लाकूड तासून पुना चढवतो, दर खेपेला चाक उंचीला उतरतं. तुमचं चाललं. ते चाललंच नसंल तर?"

आश्रुबानं चाक उजेडात ओढलं. एक आरा पिवळट, सागाचा. तुंब्यावर तीन खिळे. भोकात बोट घातलं तर काळं वंगण लागलं नाही, नुसतं करडीचं तेल. बंकटनं ते एकदाही जोडलं नव्हतं. नवं चाक करून आपण बापाची गाडी पुरती वापरून घेतली आणि हा येडा वाट बघत बसला. आश्रुबा चाकाला धरून तिथंच रडला. वाहेद दुसरीकडं बघत राहिला. मग दोघांनी मिळून नवं चाक काढलं आणि हे चढवलं.

गाडी एका अंगाला कलली. झिजल्या चाकाकडं ओढ घेत, बैलांना घामाघूम करत, ती केसरबाईच्या दारात उभी राहिली.

केसरबाई काठी टेकत बाहेर आली. आधी आश्रुबाचं चाक पाहिलं, मग वळसा घालून बंकटचं. सागाच्या आऱ्यावरून तिनं हात फिरवला. बोटांना लागलेलं तेल तिनं उजेडात धरून पाहिलं. आश्रुबाला वाटलं, आता शिव्या घालील. तिनं फक्त गाठोडं आणायला सांगितलं.

गाडीत चढून ती बंकटच्या चाकाकडच्या उंच बाजूला बसली, साटीच्या कडेच्या खुंटाळीला हातानं घट्ट धरून.

"अक्का, हिकडं खाली बस. तिथनं घसरशील."

"त्यानं इतकी वर्सं धरून ठेवलं," केसरबाई म्हणाली. "मी गावापत्तुर धरते. तू हाक."

आश्रुबानं बैल हाकले. घाट उतरेपर्यंत काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात होतं, पण बोलायचं ते बंकटशी होतं. गाडी सारखी आश्रुबाच्याच झिजल्या चाकाकडं ओढत होती, आणि तो कासरा ताणून तिला वाटेवर आणत राहिला.