गळ्याशी लागलेलं अवधाण

मित्रांनो, मी लोणावळ्याच्या एका दवाखान्यातला जुना, पितळी सूक्ष्मदर्शक आहे. डोळ्याला न दिसणारं मोठं करून दाखवायचं, एवढंच माझं काम. माझी भिंगं जर्मनीत घासली गेली. बोटीनं मुंबईला आलो आणि १९३४ साली डॉक्टर अरुंधतीबाईंच्या टेबलावर स्थिरावलो. हिवतापाचे, क्षयाचे जंतू मी किती दाखवले, त्याला गणती नाही. "तुझ्यावाचून मी आंधळी," असं बाई म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

एका हिवाळ्यात इंदुरी गावातून झुंबरबाई आल्या. सोबत त्यांची धाकटी जाऊ बयाबाई होती. झुंबरबाईंच्या छातीत गाठ होती. लाजेपायी वर्षभर त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती. बाईंनी छाती पाहिली, काख चाचपली, मग हात मानेकडे नेला. गळ्याच्या हाडावर वाटाण्याएवढं अवधाण, म्हणजे सुजून टणक झालेली रसग्रंथी, हाताला लागलं.

"झुंबरबाई, छाती काढायची शस्त्रक्रिया पुण्यात होते. पण आजार इथवर चढला असेल, तर कापून नुसते हाल होतील. आधी हे अवधाण काढून तपासते."

"तपासा. पर मला खरं सांगा."

बाईंनी ते मेणात बसवलं, पातळ चकत्या कापल्या, रंगवल्या आणि आठव्या दिवशी माझ्याखाली ठेवल्या. मला ते दाखवायचं नव्हतं. बारीक, गोल पेशींच्या जागी कर्करोगाच्या मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींची दाटी झाली होती. बाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग त्यांनी झुंबरबाईंना सगळं सांगितलं.

"म्हंजी कापायचं न्हाई?"

"नाही. दुखणं कमी होईल असं औषध देईन."

झुंबरबाईंनी बयाबाईचा दंड धरला. "हिलाबी गाठ हाय, डॉक्टरीणबाई. दोन म्हैनं झालं. काल माज्यापाशी बोलली."

"मला न्हाई दावायचं, आक्का!" बयाबाई रडू लागली.

"मी गेल्यावर तू कुणालाच दावणार न्हाईस. आत्ता दाव."

बयाबाईची गाठही वाईटच निघाली. पण काखेतलं अवधाण माझ्याखाली आलं, तेव्हा ते स्वच्छ होतं; आजार तिथवर पोचला नव्हता. पुण्यात तिची शस्त्रक्रिया झाली. छाती गेली, उजवा हात कायमचा खांद्याच्या वर जाईना, पण ती जगली.

झुंबरबाई शिमग्याआधी गेल्या. त्यांची गाठ फुटली होती. ती जखम बयाबाई रोज डाव्या हातानं धूत असे.

आता अरुंधतीबाई नाहीत. इथल्या ओलीनं माझ्या भिंगांवर बुरशी चढली आहे. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्या घरातली एखादी बाई पदराआड दुखणं लपवत असेल, तर तिला विचारा. तिनं नाही म्हटलं, तरी पुन्हा विचारा.