हातचा दाणा

कडूबाई दुष्काळी कामावरून खडी फोडून घरी आली, तर अंगणभर तांबडी पिसं. मुंगसानं डाव साधला होता. चुलीमागं कोंबडा पडला होता. एक पाय लुळा, पंखाखाली ओली जखम.

कोंबडा तिचा नव्हताच मुळी, म्हसोबाचा होता. दसरा उलटताच तिचा एकुलता लेक पुंजाराम ऊस तोडायला प्रवरेकडं निघाला, तेव्हा सून विजयमाला पोटुशी होती. सुनेला ठेव म्हणून कडूबाईनं किती विनवलं! पण औंदा शिवारात कुसळ उगवलं नव्हतं. राहून खायचं काय? तेव्हा हाच कोंबडा तिनं म्हसोबापुढं धरला होता. "माय-लेकरू सुखरूप घरी आन देवा, ह्यो तुजा." बोललेला कोंबडा बदलता येत नाही, आणि पांगळा देवाला चालत नाही.

शेजारच्या मालननं वाकून पाहिलं. "कडूबाई, कालवन कर त्याचं. ह्यो काय जगत न्हाई."

"तुज्याच तोंडाला पानी सुटलंय. जा, घरातला चुना आन."

हळद-चुन्याचा लेप, तुरकाठीचे दोन तुकडे, जुन्या लुगड्याची चिंधी. हाड जागेवर बसवताना कोंबडा टोचला नाही, नुसते डोळे मिटून राहिला. त्याला मांडीवर घेऊन, जात्यावर ओवी म्हणावी तशी ती पुटपुटली:

हळदीचा गं लेप, तुझ्या पायाला लाविते
देवाचं गं देणं, माझ्या मांडीशी निजविते

खालचा दाणा त्याला टिपता येईना. वाकला की कलंडायचा. मग ती रेशनवरची मिलो ज्वारी भिजवून तळहातावर धरायची, कामावर खायला मिळालेल्या सुकडीतली चिमूटही त्याला द्यायची. हळूहळू तिची चाहूल लागली की तो मान उंचवायला लागला. दुसऱ्या कुणी दाणे फेकले तर ढुंकून बघत नसे. जखम भरली, पायानं जीव धरला, आणि एका सकाळी त्यानं बांग दिली. कडूबाईला हसू फुटलं. हसता हसताच तिला उमगलं, आपण ह्याला धडधाकट करतोय ते कशासाठी. जसजसा बरा होत होता, तसतसा तो सुरीजवळ चालला होता.

गुढीपाडव्यानंतर पुंजाराम परतला. विजयमालाच्या कुशीत टोपडं घातलेलं पोर. कडूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि नवसाची आठवण तिनंच काढली. नातवाच्या जिवाशी खेळ नको.

रविवारी आसाराम भगतानं म्हसोबापुढं दाणे मांडले. कोंबड्यानं दाणा टिपला की देवानं पत्करला, मग सुरी. कोंबडा ताठ उभा राहिला. दाण्यांकडं त्यानं पाहिलंच नाही. मान वळवून कडूबाईच्या हातांकडं बघत राहिला.

"काय चारून आनलाय का काय?" भगतानं विचारलं.

"कालपासून उपाशी हाय," पुंजाराम म्हणाला.

भगत वैतागला. "म्हातारे, तूच हातची सवय लावलीस. धर की दाने तळहातावर, टिपंल!"

सगळे तिच्याकडं बघू लागले. नुसता हात पुढं करायचा होता. विजयमालाच्या खांद्यावर पोर झोपलं होतं. त्याची इवली टाळू श्वासागणिक हलत होती. कडूबाईनं ती पाहिली. मग तिनं हात देवापुढं जोडले.

"माज्या हातचं खाल्लं तर कौल माजा झाला, आसाराम. देवाचा कसा?"

"आन देव कोपला मंजी?"

"त्यानं माज्यावर कोपावं. लेकराकडं बघू नये."

"तुमचं तुमी बघा," म्हणत भगतानं सुरी फडक्यात गुंडाळली. पुंजाराम पायानं माती उकरत राहिला.

कडूबाईला मागं वळायचा धीर होईना. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत जिनं बाळंतपण सोसलं, तिला काय तोंड दाखवायचं? कोंबडा पायाशी घोटाळत होता, पण त्याला उचलायलाही तिचे हात धजेनात.

विजयमाला पुढं आली. तिनं झोपलेलं पोर सासूच्या हातांत दिलं आणि वाकून कोंबडा काखेत घेतला.

"चला आत्या, ऊन चढलं. ह्याला मी धरते."