धक्क्यातला गोड झरा

खाऱ्या समुद्राच्या तोंडावर गोड पाणी! बंदराच्या तिसऱ्या धक्क्याच्या भिंतीतून बोटभर जाडीची धार निघत होती आणि तिच्यासाठी दोनशे माणसं बादल्या-बाटल्या घेऊन रांगेत उभी होती. ज्यांच्या नळाला दिवसातून अर्धा तास पाणी येतं, त्यांना हा चमत्कार वाटला तर दोष कुणाला द्यायचा?

धारेशेजारी बुवा बसला होता. "समुद्रमाता पाजतेय! साखर, दमा, मूळव्याध, सुनेचा तोंडाळपणा, सगळं उतरतं! मात्र औषध आणि मातेचं पाणी एका पोटात नांदत नाहीत. उद्या दुपारी दोनला माता रुसेल, सहाला हसेल."

दुसऱ्या दिवशी दोनला धार खरंच आटली. सहाला परत आली. लोकांनी लोटांगणं घातली.

रांगेत माझा थोरला भाऊही होता. क्रेन चालवून निवृत्त झालेला, पायाला न भरणारी जखम, रोज इन्शुलिन.

"दादा, इंजेक्शन घेतलंस?"

"आता सुई कशाला? तू पुस्तकातला किडा, तुला नाही कळायचं."

खरं तर मला कळत होतं. बंदराच्या पाण्याचे मीटर मी तीस वर्षं वाचले होते. जहाजांना आणि वस्तीला पाणी देणारी मोठी नळवाहिनी त्याच धक्क्याखालून जाते, हे मला पाठ होतं. पण नोकरी सोडून बारा वर्षं झाली, नकाशा बदलला असेल, आपलंच चुकत असेल, चारचौघांत हसं होईल... रोज घरी येऊन नळांचे आराखडे टिपलेली जुनी वही उघडायची आणि मिटायची. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी दादाचं पाऊल काळं पडलं. त्याची मुलगी बंदराच्या पाणी विभागात फिटर. त्याच सकाळी ती प्रशिक्षणाहून परतली. बापाला इस्पितळात टाकून ती थेट माझ्याकडे आली.

"काका, अप्पांनी सुई सोडली आणि तुम्ही बघत बसलात?"

मी वही पुढे केली. तिने पानं चाळली आणि मला ओढतच बंदराच्या फाटकाशी नेलं. तिथे जहाजांच्या वेळांचा फळा टांगलेला होता. रोज हजार माणसं त्याच्यासमोरून जात. त्यावर खडूने लिहिलेलं होतं : पाणी भरणे, दोन ते सहा.

"जहाजाने पाणी घ्यायला सुरुवात केली की नळातला दाब उतरतो, मग तड्यातून पाणी येत नाही. बुवाला एवढाच मंत्र येतो, फळा वाचायचा!"

"मग इतकं पाणी गळतंय हे साहेबांना कळलं नाही?"

"मीटर वर्षभर बंद आहे. साहेबांना वाटतं, जहाजांना तहान फार."

दुसऱ्या दिवशी ती गर्दीत शिरली. "बुवा, आज फळ्यावर जहाज नाही. माता रुसणार नाही ना?"

"आज अखंड वाहील!"

तिने जमिनीतलं लोखंडी झाकण उचललं आणि आतल्या व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. धारेची दोरी झाली, दोरीचे थेंब झाले, मग भिंत नुसतीच ओली राहिली.

"आता हसवा तिला."

बुवा ओरडला, घुमला. घसा कोरडा पडला, पण प्यायला धार नव्हती. पुतणीने चाक उलटं फिरवलं. पाणी आलं. तशी एक म्हातारी तिच्याच पायांवर पडली. "माते, तूच गं ती!"

"उठा आजी! हात द्या इकडे. आता तुम्ही फिरवा."

म्हातारीने फिरवलं. धार थांबली. परत फिरवलं. वाहिली. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग रांगेतल्या एकेकाने चाक फिरवलं.

"म्हणजे हे आमच्याच नळाचं पाणी?" कुणीतरी विचारलं.

"तुमच्याच. इथे गळतं, म्हणून तिकडे पोचत नाही."

तोवर बुवा सटकला होता.

दादाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्याने मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"संशय होता."

"मग बोलला का नाहीस?"

"लोक हसतील असं वाटलं."

तो चादरीच्या सपाट भागाकडे बघत राहिला. "हसू द्यायचं होतंस."

वाचकहो, धार दिसली की हात जोडण्याआधी तिच्यामागचा नळ शोधा. आणि तो सापडला, अगदी अर्धामुर्धा सापडला, तरी मोठ्याने सांगा. वही मिटून बसू नका.