उत्तमचं उर्दू

दारात उभ्या भगवंतच्या मधल्या बोटावर निळ्या शाईचा डाग होता – पेराच्या बरोबर वर, टाक धरणाऱ्याला पडतो तिथेच – आणि तो पुसायची त्याला जराही घाई नव्हती. मुद्दाम ठेवला असेल, उत्तमला वाटलं. कचेरीची शाई ना! चार दिवसांत लेकाला शिंगं फुटली.

नववीची परीक्षा संपल्या संपल्या हे काम शोधलं ते उत्तमनं. आदिलाबाद आंध्रात गेलं आणि तहसील कचेरीतल्या निजामाच्या वेळच्या, जमिनींच्या उर्दू याद्या तेलुगूत उतरवायला उन्हाळ्यापुरती शाळेतली पोरं हवी झाली, ही बातमी त्यानंच काढली. अर्ज त्यानंच लिहिला, वडिलांनी लहानपणी पाटीवर गिरवून घेतलेल्या उर्दूत, 'जनाबे आली' या मायन्यापासून सहीवरच्या 'फिदवी'पर्यंत, एकही खाडाखोड न करता. आणि एकट्यानं जायला नको म्हणून भगवंतला सोबत नेलं, तेही त्यानंच... पेशकारांनी – तहसीलदारांच्या कारकुनांनी – अर्ज पाहिला, बाजूला ठेवला, आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. उत्तमला एक अक्षर कळलं नाही. दाराशी उभ्या भगवंतनं – आईबरोबर बाजारात भाजी विकता विकता कमावलेल्या तेलुगूत – हसत उत्तर दिलं. लिहिताही येतं म्हणाला. उर्दू वाचून सांगायला कचेरीत मुनशीजी होतेच, जागा भगवंतला मिळाली. झालं! आपल्याच हातानं पायावर धोंडा.

हेवा वाटतो मला, उघडच सांगायचं तर, उत्तम मनाशी म्हणाला. भगवंतची आई लक्ष्मीबाई गल्लीभर सांगत सुटली आहे, त्याचाही वाटतो. बाबांनी नुसतं कलमदान उचलून वरच्या फळीवर ठेवलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

"काऊन रे, बोलत काऊन नाही?" भगवंतनं विचारलं आणि सदऱ्यातून घडी केलेला कागद काढला. "मुनशीजी लग्नाले नांदेडले गेले. उर्दू वाचून सांगणारं कोणीच नाही, अन् पेशकारसाह्यब उद्या सकाळीच मागून राह्यले. ह्या वावराच्या मालकाचं नाव सांग न तेवढं."

नजर पडताच नाव लागलं. नेरडीगोंडा गावाच्या वाटेवरचं वावर, कब्जेदार बयनाबाई... उत्तमनं कागद उन्हाकडे धरला, तिरपा केला, डोळे बारीक केले.

"लई पुसट हाये," तो म्हणाला. "नाही लागत."

उद्या याला घरी पाठवतील – आणि मग बोलावतील कोणाला? त्याच्या छातीत गोड धडधडलं.

भगवंतनं कागदावर एकदा नजर टाकली. मग म्हणाला, "तुह्याच्यानं नाही लागलं, तं कोणाच्यानंच लागणार नाही. तसंच सांगतो साह्यबाले. तुहं नाव घेऊन सांगतो."

असं बोलू कसा शकतो हा? माझी जागा घेऊन बसलाय, आणि तरी... मी त्याच्या जागी असतो तर? मेलो असतो, पण त्याच्या दारी कागद घेऊन गेलो नसतो. तुझं तेलुगू चांगलं आहे रे, एवढं म्हणायला चार दिवसांत माझी जीभ एकदाही उचलली नाही. तेलुगूचं काय, वर्षभर बसलं की येईल. पण हे – दुसऱ्याला मोठं म्हणून स्वतः तसूभरही लहान न होणं – हे कुठल्या पाटीवर गिरवायचं? नोकरीचा हेवा परवडला. हा नवा त्याहून पोळत होता, आणि यात भगवंतचा काही दोषही काढता येत नव्हता.

'थांब, पुन्हा बघतो' म्हणायला उत्तमनं तोंड उघडलं... कागद अजून त्याच्याच हातात होता, आणि भगवंत तो परत मागत नव्हता.